दारातला दवाखाना सोडून

सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो आणि माझ्या बायकोचा डावा पाय कुजत चालला होता.

आमचं गाव तेव्हाच्या आंध्रात, आदिलाबादजवळच्या मावल्याच्या पलीकडं, सडकेपासून थोडं आत. गावात सरकारी दवाखाना होता. पक्का, चुन्यानं पांढरा केलेला. आमच्या वस्तीतून निघालं की एक बिडी संपेपर्यंत माणूस तिथं पोचायचा. तो दवाखाना सोडून मी बायकोला बसमध्ये घातलं, मावला मागं टाकला, आदिलाबाद मागं टाकलं, पैनगंगेचा पूल ओलांडला आणि महाराष्ट्रातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. त्यावरून लोकांनी मला अडाणी म्हटलं. माझ्या मास्तर पोरानंही म्हटलं. त्याच्या शाळेतल्या बाकीच्या मास्तरांनीही म्हटलं. अजून म्हणतात. शिकलेली माणसं सभेत उठून विचारतात, खेड्यातले लोक दारातला दवाखाना सोडून दूर काऊन पळतात? आणि उत्तरही तेच देतात, की अज्ञान आहे.

मी दुसरीपर्यंत शिकलो. एक पान लिहायला माझी अख्खी सकाळ जाते. तरी हे मीच लिहिणार. पाय ज्याचा त्याला विचारा, नाहीतर ज्यानं त्या पायाच्या मालकिणीला पाठीवर वाहून नेलं त्याला विचारा.

माघ सरत आला होता. कापूस वेचून झाला होता आणि शेतात पऱ्हाट्या काढायचं काम चाललं होतं. ज्यानं हे काम केलं नाही त्याच्यासाठी सांगतो. कापसाचं वाळकं झाड मुळासकट उपटलं तर बरं असतं. पण मालकाला घाई असली की ते कोयत्यानं तिरपं छाटायला लावतात, आणि जमिनीत जो उरतो तो धस. त्याला विळ्यासारखं टोक असतं. बायको भारा डोक्यावर घेऊन वळली आणि धस चपलेतून आरपार तळपायात शिरला. तिनं तो आपल्या हातानं उपटून काढला, पदराची चिंधी बांधली, भारा परत डोक्यावर घेतला आणि बांधापर्यंत नेऊन टाकला. घरी येऊन हळद भरली. तिसऱ्या दिवशी पाय तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला.

मग आम्ही गावच्याच दवाखान्यात गेलो. हे सगळे विसरतात. आम्ही आधी तिथंच गेलो होतो.

डॉक्टर टेबलामागं बसला होता. तरणा पोरगा, तेलुगू मुलखातला. त्यानं पायाकडं एकदा पाहिलं आणि मग कागदाकडंच पाहत राहिला. खरं काम कंपाउंडरकडं. त्यानं लांबून चिमट्यानं चिंधी उचलली, चिमट्यानंच बोळा फिरवला, चिमट्यानंच पट्टी सरकवली. माझ्या पोरानं नंतर मला समजावलं, "बा, चिमटा सफाईसाठी असते, तुमी उगाच मनाले लावून घेता." मला चिमटा कळतो. माझ्या बापाच्या काळी गावचा वैद्य आमच्या लोकांच्या ओंजळीत औषधाची पुडी वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. आम्ही बौद्ध झालो, ते दिवस मागं टाकले, पण ती नजर मी कुठंही ओळखतो. त्या दिवशी चिमटा साफ होता. नजर नव्हती.

कंपाउंडरनं दंडात सुई दिली. आम्ही बाहेर आलो, चहाच्या हॉटेलापर्यंत पोचलो नाही तर बायको म्हणाली, "मले गरगरून राह्यलं." पाहतो तर तिच्या गळ्यावर, हातावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी तिला पाठीवर घेतलं आणि धावत परत आणलं. खरं ते सांगतो, कंपाउंडर वाघासारखा उठला. त्यानं दुसरी शिशी फोडली, दुसरी सुई टोचली. थोड्या वेळानं तिचा श्वास खाली बसला. डॉक्टर आला, त्यानं आमच्या कागदावर लाल शाईनं काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. कंपाउंडरला तेलुगूत काही बोलला. रांगेतले दोघंजण हसले. कदाचित त्यांचं आपसातलं काही असेल. मला वाटलं, माझ्यावर हसले.

मी कंपाउंडरला विचारलं, "साहेब, इसमें क्या लिखा?"

"तू जान के क्या करता रे? संभाल के रख. रेपु रा."

रेपु रा म्हणजे उद्या ये. मी पुन्हा विचारलं, "लेकिन लिखा क्या?"

"औरत अच्छी हुई ना? जा अब."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला त्यानं रे केलं, ते मी सोडून देतो. पण माझी बायको मरणाच्या दारातून परत आली होती आणि तिथं काय घडलं हे मला सांगायची कोणाला गरज वाटली नाही. त्यांनीच सुई दिली, त्यांनीच तिला पाडलं, त्यांनीच उचललं, आणि वर म्हणतात, जा. मी गेलो. उद्याला गेलो नाही. परवालाही नाही.

चार दिवस मी लिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून पाय धुतला. जखमेची कड काळी पडली. घरात वास येऊ लागला. अंगात ताप भरला. तालुक्याच्या शाळेतून पोरगा आला आणि त्यानं पट्टी सोडून पाहिली.

"बा, आता हट्ट पुरा झाला. मायले इथं दाखवा, नाईतर मी आदिलाबादले मोठ्या दवाखान्यात नेतो."

"तिथं तिच्यासंगं कोण बोलन?"

"मी बोलतो ना. मले तेलुगू येते."

"ते तुह्याशी बोलतीन. पाय तिचा हाय."

तो उठून उभा राहिला. मास्तर झाल्यापासून तो माझ्यावर ओरडत नाही, हळू आवाजात टोचतो. म्हणाला, "तुमाले पाय वाचवाचा हाय का नाक?"

"दोनी," मी म्हटलं.

बायको भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मले कोणी विचारून राह्यलं का? जिथं न्यायचं तिथं न्या, पण आजच न्या. बापलेकाच्या भांडणात माहा पाय सडून राह्यला."

सडकेवर बसची वाट पाहत थांबलो तर हॉटेलात तोच कंपाउंडर बशीतून चहा पीत होता. माझ्या हातात वळकटी, बायको दगडावर बसलेली. त्यानं ओळखलं.

"क्या काका, महाराष्ट्र? उधर सोने की सुई लगाते क्या?"

"सोन्याची नाई. माणसाच्या हातची लावते."

"हाथ तो मेरे को भी है."

"हाय ना," मी म्हटलं, "चिमट्याच्या मांगं लपलेला हाय."

हॉटेलातले सगळे हसले. या वेळी माझ्या बाजूनं हसले. ते सुख मी बस येईपर्यंत चघळत राहिलो, आणि आजही त्याची मला लाज वाटत नाही.

आदिलाबादेत बस थांबली. तिथं बरे डॉक्टर होते, हे मी आज कबूल करतो. तेव्हाही माझ्या कानावर होतं. पण मी तेव्हा डॉक्टर शोधत नव्हतो. माझ्या बायकोला काय होतंय हे तिला तिच्या बोलीत विचारणारं आणि काय केलं हे तिला तिच्या बोलीत सांगणारं माणूस शोधत होतो. एवढ्यासाठी माणूस नदी ओलांडतो. तुम्हाला ते थोडं वाटत असेल तर तुम्हाला कधी कोणी 'तू जान के क्या करता' म्हटलेलं नाही.

आता मी माझी चूक सांगतो. ती माझ्या एकट्याची नव्हती, आमच्या सगळ्या पट्ट्याची होती, पण पुलावर हात माझा होता.

आमच्याकडं पक्का समज होता की एका डॉक्टरचा कागद दुसऱ्याला दाखवू नये. दाखवला तर दुसऱ्याचा अपमान होतो. तो म्हणतो, तिथं आधी गेला ना, मग तिथंच मर. आणि कागद आंध्राचा असला तर महाराष्ट्रातला डॉक्टर दारातूनच परत लावतो. अमक्याला लावलं, तमक्याला लावलं. पाहिलं कोणीच नव्हतं, ऐकलं सगळ्यांनी होतं. म्हणून नदीपलीकडं जाणारे लोक आपले कागद अलीकडंच ठेवून जायचे. कोणी छपरात खोचायचा, कोणी चुलीत घालायचा. मी बस पुलावर आल्यावर खिशातून कागद काढला, चार तुकडे केले आणि खिडकीतून सोडले. लाल रेघांसकट.

"काऊन फाडलं?" बायको म्हणाली.

"तिकडं त्याचं काय काम?"

ती खिडकीतून तुकडे पाण्यावर जाईपर्यंत पाहत राहिली.

दवाखाना साधा होता, कौलारू, लांबच लांब. डॉक्टर म्हणजे एक वयस्कर बाई. तिनं बायकोला खाटेच्या कडेवर बसवलं, स्वतः खाली ठेंगण्या स्टुलावर बसली आणि तो घाण सुटलेला पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

बायकोनं झटक्यात पाय ओढला. "बाई, मांडीवर नका घेऊ वो! पाप लागन मले."

"पाप कुठलं? फार तर पू लागेल," बाई म्हणाल्या आणि पाय परत ओढून घेतला. "काय घुसलं होतं?"

"पऱ्हाटीचा धस."

"तिरपा छाटतात मेले. इकडंही तेच. दुखतं कुठवर? घोट्यापर्यंत? का गुडघ्यापर्यंत चढतं?"

त्या बायकोला विचारत होत्या. मला नाही. मी खांबासारखा उभा होतो आणि माझी छाती भरून आली होती. मी कुठलं मशीन पाहायला आलो नव्हतो. हे पाहायला आलो होतो. गावातल्या प्रत्येकाला हात धरून आणावं आणि दाखवावं असं वाटलं, मास्तरालासुद्धा.

मग बाईंनी मान वर करून मला विचारलं, "आधी कुठं दाखवलं?"

"कुठंच नाई. सरळ तुमच्याकडं आणलं."

"एखादी सुई घेतली? कुठलं औषध सोसलं नाही, असं काही?"

"नाई."

सिस्टर सुई भरून घेऊन आली. बायको आतापर्यंत माझ्या तोंडाकडं पाहत होती. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत तिनं माझा शब्द कधी खाली पाडला नव्हता. सिस्टरनं दंडाला स्पिरिट लावलं आणि तिनं दंड पदराखाली ओढून घेतला.

"बाई, हे खोटं बोलून राह्यले. गावच्या दवाखान्यात सुई देल्ली होती. मी मेलीच होती. मंग दुसरी देल्ली तं जगली. कागद होता. यायनं नदीत टाकला."

सिस्टर जागीच थांबली. बाईंनी सुई परत न्यायला लावली. त्यांनी बायकोकडून सगळं ऐकून घेतलं, गांधी, शिट्टी, दुसरी शिशी, लाल शाई. मग माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता म्हणतील, तिकडं गेला होतात तर इकडं कशाला आलात.

त्या म्हणाल्या, "त्या माणसांनी तिला वाचवलं होतं. पुन्हा कोणी तिला मारू नये म्हणून लाल शाईनं लिहून दिलं होतं. आणि तुम्ही ते पाण्यात सोडलंत. आत्ता ती बोलली नसती तर तिला मी मारलं असतं, आणि मला मारायला तुम्ही लावलं असतं."

खोलीत दहा-बारा माणसं होती. माझ्या कानातून धूर निघाला. खाली मान घालायची सवय मला नाही.

"बाई, मले वाचून कोणी दाखवलं? लाल लिवलं का काळं लिवलं, मले काय कळते?"

"तुम्ही विचारलं होतं?"

"दोनदा इचारलं. म्हणे, तू जाणून काय करतो."

बाईंनी पाय पुन्हा उचलून काळी कड बोटानं दाबून पाहिली.  मग म्हणाल्या, "तर मग तिसऱ्यांदा विचारा. या पायाला चालतील अशी दोन-तीनच औषधं आहेत. त्यातलं कुठलं हिच्यासाठी विष आहे ते मला माहीत नाही. अंदाजानं मी टोचणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मी जखम धुऊन, हलक्या औषधावर धरून ठेवते. त्यानंतर घोट्यापासून कापावा लागेल. त्यांच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असणार. जा, नाव घेऊन या."

"पोराले चिठ्ठी पाठवतो. तो मास्तर हाय, तेलुगू येते त्याले."

"कागद कोणी फाडला?"

"म्या."

"मग तुम्हीच जा."

बायको म्हणाली, "जा. मी कुठं पळून चालली? पळायले पायच नाई." आणि ती खरंच हसली. तिच्या शेजारच्या खाटेवरची म्हातारीही हसली. मी दुपारच्या बसनं परत निघालो.

पुढं काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगायला नको. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, पाय राहिला. त्या पायानं ती पुढं पुष्कळ वर्षं पऱ्हाट्यांतून चालली, आणि माझ्यापेक्षा पुढं चालली. पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

पोरगा म्हणाला, मी येतो सोबत. मी म्हटलं, तू शाळेत जा. दवाखान्याचं दार उघडायच्या आधी मी पायरीवर होतो. आमच्या वस्तीतल्या बाया, माळ्यांच्या बाया, दोन-तीन गडी अशी रांग लागली. कंपाउंडर आला. त्यानं मला पाहिलं आणि पान चघळत म्हणाला, "आ गए?"

"आलो. त्या दिवशी माह्या बायकोले कोणती सुई देल्ली, रजिस्टर पाहून सांगा."

"डॉक्टर साहब से पूछना पड़ता. साहब मीटिंग को जाते आज. रेपु."

मी दाराच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसलो.

आमच्याकडं बसलेल्या माणसाला ओलांडून कोणी जात नाही. त्याला वाईट समजतात, आणि म्हाताऱ्याकोताऱ्याला तर नाहीच नाही. बाया थांबल्या. गडी थांबले. कंपाउंडर बाहेर, औषधाचं कपाट आत. त्यानं एक पाय उचलला, रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अरे, अरे! मानसाले ओलांडतं का?" त्यानं पाय खाली ठेवला.

"काका, उठो."

"नाव सांगा, उठतो."

"पुलिस को बुलाऊं क्या?"

"बलाव. त्यायलेबी सुई लागत असन कवा मवा."

हसण्याचा आवाज ऐकून डॉक्टर मागच्या क्वार्टरमधून आला. बुशशर्टची बटणं लावत होता. मी बसल्या जागेवरून त्याला सांगितलं, माझ्या हिंदीत, जमेल तसं. पाय, नदी, फाडलेला कागद, संध्याकाळची मुदत. कागद फाडला हेही सांगितलं, लपवलं नाही. तो ऐकत होता. सगळं ऐकल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं पाहिलं. कंपाउंडरला तेलुगूत काही बोलला, त्यातलं 'रजिस्टर' एवढं मला कळलं, तसा मी बाजूला सरकलो. कंपाउंडर आत जाऊन रजिस्टर घेऊन आला. डॉक्टरनं बोट फिरवत ओळ शोधली, एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि मला दिली.

"ये देना उनको."

"वाचून दाखवा."

"उधर डॉक्टर पढ़ लेते."

"तुमी वाचा, साहेब. हे मी तिसऱ्यांदा इचारून राह्यलो."

त्यानं वाचलं. मी म्हटलं, हळू. मी चिठ्ठी उलटी केली, उंबऱ्यावर ठेवली, टोपीत खोचलेली पेन्सिल काढली. त्यानं एकेक अक्षर तोडून सांगितलं आणि मी एकेक अक्षर काढलं. पे. नि. सि. लीन. रांग तशीच उभी होती, कोणी घाई केली नाही. माझा 'स' एका अंगाला पडतो, तो तसाच पडला. मी त्याखाली माझ्या हातानं दोन रेघा ओढल्या आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, पेनिसिलीन, हे माझ्या बायकोले चालत नाई.

"बराबर?" मी विचारलं.

"बराबर," डॉक्टर म्हणाला.

मी उठलो, धोतर झटकलं. रांगेतल्या पहिल्या बाईनं पिशवीतून आपला जुना कागद काढला आणि कंपाउंडरसमोर धरला. "माहाबी वाचून दाखव मंग. का माह्याच कागदाले तोंड नाई?" तिच्या मागच्या बाईनंही काढला. कंपाउंडरनं डॉक्टरकडं पाहिलं. डॉक्टरनं बाहेर खुर्ची टाकायला सांगितली.

ते काय वाचतात हे ऐकायला मी थांबलो नाही. सडकेवर हॉर्न वाजला होता. मी चिठ्ठी टोपीत घातली, टोपी दाबून बसवली आणि नदीपलीकडं जाणाऱ्या बसमागं धावलो.